आमच्या आधी निघालेली पिशवी

मी लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. प्रवाळ कसे तयार होतात, भरती-ओहोटी कशानं येते, उष्ण कटिबंधातली जंगलं बारमाही हिरवी का असतात, हे मी इतकी वर्षं सांगत आलोय की झोपेतून उठवलं तरी सांगेन. समुद्र मात्र पाहिलेला नव्हता. नकाशावरचा निळा रंग हाच माझा समुद्र, आणि आमच्या कॉलेजच्या नकाशावर तोही नेमका घडीच्या जागी फाटलेला. त्यामुळे मुलानं आमची अंदमानची सहल ठरवली, तेव्हा स्टाफरूममध्ये मी ती बातमी अशी सांगितली की जणू मी तिथं तपासणीला चाललोय.

मुलगा हैदराबादला नोकरीला आहे. त्यानं फोनवर त्याच्या आईला विचारलं होतं, तुला एकदा कुठं न्यावं. मला वाटलं, ही तिरुपती म्हणणार. ती म्हणाली, "मला पव्हायचंय." फोन स्पीकरवर होता आणि मी पेपर वाचत होतो. वाचलेली ओळ मी पुन्हा वाचली.

बायको उमरीकडची. वडलांच्या शेतात पायऱ्यांची विहीर होती. तिथं ती भावांच्या आधी पोहायला शिकली आणि मग भावांना तिनंच शिकवलं. लग्न होऊन आली ती लातूरला, जिथं नळाला पाणी यायचा दिवस लोक पाहुणे यायच्या दिवसासारखा लक्षात ठेवतात. रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात ती पोरांना टबात उभं राहून अंघोळ करायला लावायची आणि टबातलं पाणी कुंड्यांना द्यायची. अशा घरात आपल्याला पोहता येतं हे सांगायची वेळच येत नाही. मला ते माहीत होतं, पण बायकोचा रक्तगट माहीत असतो तसं. कधी कामाला लागलेलं नव्हतं.

मुलानं मग सगळं ठरवून टाकलं, हैदराबादहून तोही आमच्यासोबत येणार होता. जंगलातून चालणं, खारफुटीतून होडी वल्हवणं, आणि तोंडात नळी धरून समुद्रात पोहणं. सामानाचंही त्यानं फोनवर नीट सांगितलं. पाण्यात चालतील असे बूट आणा, डोक्याला लावायचा दिवा आणा, आतलं भिजणार नाही अशी पिशवी आणा. दुसरा कुणी असता तर त्यानं मोबाइलवर मागवलं असतं. मी मोंढ्यात गेलो.

मोंढ्यातल्या खत-बियाण्याच्या दुकानात सगळं एका जागी मिळालं. गमबूट मिळाले. रात्री लाइट आल्यावर शेतकरी पाणी द्यायला डोक्याला बांधून जातात ती बॅटरी मिळाली. भिजणार नाही अशी पिशवी म्हणून दुकानदारानं खताच्या पोत्यातलं प्लास्टिक काढून दिलं, ते धुवून घेतलं. शिवाय फवारणी करताना घालतात तो अंगभर रेनकोट मी स्वतःच्या बुद्धीनं घेतला. हे सगळं पलंगावर मांडून मी बायकोला बोलावलं. तिनं ते डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि विचारलं, वाटेत कुणी कुठं चाललाव म्हणलं तर काय सांगायचं, तुरीवर फवारणीला?

राहिला पोहण्याचा प्रश्न. मला पोहता येत नाही. बायकोनं मला सुट्टीच्या दिवशी उमरीला भावाच्या विहिरीवर नेलं. तेलाचा प्लास्टिकचा रिकामा डबा झाकण घट्ट लावून माझ्या पाठीला दोरीनं बांधला. या डब्यानं माणूस बुडत नाही, हे तिथली लहान पोरंसुद्धा सिद्ध करून दाखवत होती. मी पायरीला धरून गळ्याइतक्या पाण्यात गेलो आणि तिथंच थांबलो. बराच वेळ झाल्यावर मेव्हणा वरून म्हणाला, "दाजी, पायरी सोडा. ती कुठं जात न्हाई."

पायरी मी सोडली नाही. पण डब्यावर माझा विश्वास बसला, आणि तो मी अंदमानच्या सामानात घेतला.

बायकोची तयारी वेगळी चालली होती. दुकानातले पोहण्याचे कपडे तिनं बघितले आणि परत ठेवले. मग ताणलं जाणारं कापड आणून ओळखीच्या शिवणाऱ्या बाईकडून तिनं आपल्या मनासारखा पोशाख शिवून घेतला. मरून रंगाचा, पूर्ण बाह्यांचा, पोटरीपर्यंत. बाईला सांगितलं योगासाठी पाहिजे. शिवून आल्यावर दार लावून तिनं तो घालून बघितला, आणि बाहेर येऊन मला एवढंच सांगितलं की आता ती पाण्यात उतरेल ती याच कपड्यात. दुसरं कुणी काही दिलं तर किनाऱ्यावर बसून राहील. मला तो पोशाख दाखवला नाही. पुढचं सगळं त्यामुळे झालं.

आईला यातलं काही सांगितलेलं नव्हतं. माझी आई कंधारची, आमच्याकडेच असते. अंदमानला काय हाय म्हणून तिनं विचारलं, तेव्हा मी जेल म्हणालो. जुनं जेल बघायला माणसं दुरून जातात, पाया पडतात, हे तिनं टीव्हीवर पाहिलेलं होतं. तिला ते पटलं. सून समुद्रात पोहायला चाललीय हे पटेल की नाही, ते विचारून बघायची हिंमत आम्हा दोघांतही नव्हती. बायको म्हणाली, आल्यावर सांगू.

पण आईनं कॅलेंडर बघितलं. आमचं निघणं अमावास्येला होतं. त्या दिवशीच्या विमानात जागा इतक्या सहज का मिळाल्या, हे मुलाला तेव्हा कळलं. तिकीट बदलणं शक्य नव्हतं आणि अमावास्येला उंबरा ओलांडू देणं आईला शक्य नव्हतं. तोड तिनंच काढली. प्रस्थान ठेवायचं.

प्रस्थान म्हणजे असं, की निघायचा दिवस वाईट असेल तर आधीचा एखादा चांगला दिवस बघून आपल्या सामानातलं थोडं, दुसऱ्याच्या घरी, जायच्या दिशेला नेऊन ठेवायचं. म्हणजे प्रवास त्या चांगल्या दिवशीच सुरू झाला. मग आपण अमावास्येला निघालो तरी आपण निघालेलो नसतो, वाटेतच असतो. कायद्याच्या दृष्टीनं बघितलं तर यात कुठं फट नाही. अट एकच, ठेवलेलं प्रस्थान घरी परत आणायचं नाही. निघताना परस्पर उचलायचं आणि पुढं चालू लागायचं.

आईनं मला विचारलं, अंदमान कोणत्या दिशेला. इतक्या वर्षांत माझ्या विषयाचा प्रश्न घरात पहिल्यांदाच विचारला गेला होता. मी आग्नेय म्हणालो. आग्नेयेला मोकळा प्लॉट होता आणि त्यात डुकरं होती. म्हणून पूर्वेचं घर ठरलं. तिथं एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर आणि त्यांची बायको राहतात. आम्ही त्यांना काका-काकू म्हणतो, ते मला सर म्हणतात.

चांगला दिवस गुरुवारी निघाला आणि नेमकं त्याच सकाळी नळाला पाणी आलं. लातूरबाहेरच्या माणसाला हे समजावणं अवघड आहे, पण त्या वेळी घरातली बाई गच्चीवर टाकीत पाइप धरून उभी असते आणि तिला हाक मारायची नसते. आई देवापुढं बसून म्हणाली, दोघांचं एकेक नवं वस्त्र आण, लवकर, नंतर राहुकाळ हाय. मी माझं नवं बनियान घेतलं. बायकोच्या उघड्या बॅगेत वरच शिवणाऱ्या बाईच्या पिशवीत घडी केलेलं मरून कापड होतं. नवं कोरं होतं, रंगही शुभ होता. मी ते नेऊन दिलं. आईनं दोन्ही वस्त्रांना बोटानं हळदीकुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या, सुपारी ठेवली, सगळं कापडी पिशवीत घालून तोंड बांधलं. मी उजवा पाय आधी टाकून मागं न बघता ती काकूंकडं पोचवली. काकूंनी ती देवघरात पाटावर ठेवली. मग मी कॉलेजला जाऊन वारे शिकवले.

संध्याकाळी घरी आलो तर बायको बॅग उपसून बसलेली. आई टीव्हीपुढं होती, म्हणून ती हळू आवाजात बोलत होती. मरून पोशाख सापडत नव्हता. मी विचारलं, मरून म्हणजे कसा. ती म्हणाली, घडी करून पिशवीत ठेवलेला, सगळ्यात वर. मी पंख्याकडं बघत सांगून टाकलं.

"तुमी माझे पव्हायचे कपडे देवापुढं ठिवले?"

मी म्हणालो, मला वाटलं ब्लाउज असेल. ती म्हणाली, एवढा मोठा ब्लाउज कुणाचा असतो. आता पिशवी परत आणावी तर प्रस्थान मोडतं, आणि का आणली हे आईला सांगावं लागतं. शेवटी बायकोच म्हणाली, राहू द्या, निघताना मिळंलच की. मी दुसऱ्या दिवशी सहज म्हणून काकूंकडं चहाला गेलो आणि देवघराकडं बघत बसलो. काकूंनी मला चहा दिला, पण माझ्या आणि देवघराच्या मधे त्या स्वतः बसल्या. प्रस्थानाला जपतात म्हणजे काय ते मी बघितलं.

अमावास्येच्या सकाळी आम्ही निघालो. हैदराबादची बस उदगीर, बिदरवरून जाते. आईच्या सोबतीला माझी बहीण कंधारहून आली होती, ती रिक्षा बघायला कोपऱ्यावर गेली. बायकोच्या हातात बॅग, माझ्या पाठीला सॅक, आणि सॅकला बाहेरून बांधलेला तेलाचा डबा. मी काकूंचं फाटक उघडलं. दाराला कुलूप होतं.

मी कुलूप हलवून बघितलं. कुलूप हलवून बघितल्यावर उघडतं असा माझा अनुभव नाही, तरी बघितलं. आई आमच्या दारातूनच म्हणाली, "कुलूप काय बघून राहिला? ते गेले जळकोटला. लेकीकडं जावळ हाय."

"आणि प्रस्थान?"

"नेलं की संगं. बंद घरात प्रस्थान ठेवून कसं जावं, म्हणल्या काकू. मी म्हणलं, न्या. चांगलंच झालं, तुमच्या आधी वाटंला लागलं."

आईला मनापासून आनंद झाला होता. जळकोट लातूरहून आग्नेयेला नाही, जरा ईशान्येकडं आहे, पण ती वेळ भूगोलाची नव्हती. मी म्हणालो, पण पिशवी तर पाहिजे. आई म्हणाली, कशाला, ते वाटंला लागलं तेवढं पुरे, एक बनियान अन् एक झंपर, येताना घ्या. मी म्हणालो, त्यात माझा चष्मा राहिलाय. आई म्हणाली, पिशवी मी बांधली, त्यात चष्मा नव्हता, अन् चष्मा तुझ्या नाकावर हाय.

बहिणीनं रिक्षा आणली. मी बायकोकडं बघितलं. खरं सांगायचं तर मला आतून थोडं हलकंही वाटलं होतं. ती किनाऱ्यावर बसणार म्हणजे मलाही किनाऱ्यावर बसता येणार, तिला सोबत म्हणून. हे माझ्या तोंडावर दिसलं असावं. बायकोनं बॅग खाली ठेवली, रिक्षावाल्याला हातानं थांबवलं, आणि परत फिरून आईसमोर जाऊन उभी राहिली.

"आत्या, ते झंपर न्हाई. ते माझे पव्हायचे कपडे हायत."

आई म्हणाली, "पव्हायचे."

"हाव."

"जेलात?"

मी मधे पडून म्हणालो की जेल बघून झाल्यावर. माझ्याकडं कुणी बघितलं नाही. बायको म्हणाली, समुद्रात, तिथलं पाणी तळापर्यंत दिसतं म्हणे, मला एकदा जायचंय. आई चौकटीला टेकली. मग बोलली ती रागानं नाही, काहीतरी जुनं शोधून काढल्यासारखी.

"हिचा बाप सोयरिकीला आला तवा सांगत होता, पोरगी काठावरून इहिरीत मुटका मारती म्हणून. लई कौतुकानं सांगत होता. मी मनात म्हणलं, आमच्याकडं प्यायला पाणी न्हाई, ही मुटका मारणार कुठं." आणि मग मला म्हणाली, "उभा काय राहिला? फोन लाव जळकोटला."

फोन मी लावला, बोलली आई. काकूंना तिनं सगळं खरं सांगितलं, अगदी मोठ्यानं. रिक्षावाल्यालाही आता माहीत झालं. ठरलं असं, की काकांनी पिशवी घेऊन उदगीरच्या स्टँडवर यायचं आणि आमची बस लागली की द्यायची. त्यानं प्रस्थान मोडत नाही, उलट वाटेतच भेटतं, असा निवाडा आईनं दिला. रिक्षात बसताना तिनं माझ्या सॅककडं बघून विचारलं, हे काय. मी म्हणालो, मला पोहता येत नाही, त्याच्यासाठी डबा. ती म्हणाली, "समुद्रावर डबा घेऊन जाऊ नको बाबा, लोक काय म्हणतील."

उदगीर आलं. स्टँडवर बस लागली. काका नव्हते. लोक उतरले, चढले, शेंगा विकणारा एक फेरी मारून गेला. काका नव्हते. फोन लावला तर वाजत होता, उचलत नव्हते, म्हणजे गाडीवर असणार. आमच्या बसचा कंडक्टर आत आला आणि त्यानं घंटीच्या दोरीला हात घातला. तेवढ्यात बायको उठली आणि दारात जाऊन उभी राहिली. एक पाय बसच्या पायरीवर, एक खाली उदगीरच्या जमिनीवर.

कंडक्टर म्हणाला, "बाई, वर तरी या, न्हाईतर खाली तरी उतरा."

"येऊन राहिले ते."

"कोण?"

"आमचं प्रस्थान."

कंडक्टर आमच्याकडचाच असणार. त्यानं दोरी सोडली. ड्रायव्हरनं इंजिन चालू ठेवून दोनदा हॉर्न दिला. बसमधले लोक आता खिडक्यांतून बघत होते, आणि ज्यांना बाहेर काही दिसत नव्हतं ते माझ्याकडं बघत होते. मी डबा मांडीवर घेऊन बसलो होतो. उतरून तिच्याजवळ जाऊन उभं राहावं हे मला सुचलं, पण जागा जाईल असंही वाटलं.

मग फाटकातून मोटारसायकल आत आली. जावई चालवत होता आणि मागं काका, दोन्ही हातांनी पिशवी छातीशी धरून. खाली ठेवायची नाही म्हणून वाटेत फोनही उचलला नव्हता. वर काकूंनी धपाट्यांची पुडी बांधली होती. काकांनी पिशवी बायकोच्या हातात दिली, ती बसमध्ये चढते न चढते तोच त्यांनी जन्मभराच्या सवयीनं बसच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या, आणि ड्रायव्हरनं गाडी काढली. बायको सीटच्या दांड्याला धरून धडपडत माझ्यापर्यंत आली. काकांचे आभार मानायचे राहून गेले. ते खिडकीतून दिसले तेव्हा पुढच्या बसला जागा मोकळी करा म्हणून जावयाला मोटारसायकल बाजूला घ्यायला लावत होते.

बिदरच्या अलीकडं तिनं पिशवीचं तोंड सोडलं. मरून कापडावर खांद्याजवळ हळदीचं एक बोट, कुंकवाचं एक. घडीत अक्षता अडकल्या होत्या. मी म्हणालो, झटकून टाक. ती म्हणाली, असू द्या. माझं बनियान तिनं माझ्याकडं दिलं.

अंदमानचं वर्णन मी करत नाही. मला ते शिकवायला लागतं, आणि आता पुस्तकातलं वर्णन वाचताना मधेच थांबायला होतं. हॉटेलात शिरल्यावर मी आधी नळ सोडून बघितला आणि सवयीनं बादली भरून ठेवली, एवढं सांगतो. डबा विमानात तपासणीला दोनदा बाजूला काढला गेला, हेही. जेल आम्ही पहिल्या दिवशीच बघितलं, आईला फोनवर दाखवलं, तिनं तिथून हात जोडले आणि मग विचारलं, पव्हणं कवा हाय.

दुसऱ्या दिवशी होतं. मुलगा होडी बघायला पुढं गेला होता. तिथल्या माणसानं बायकोला फुगीर जाकीट दिलं. तिनं ते घालून थोडं पोहून दाखवलं, त्यानं मान डोलावली, मग तिनं ते काढून परत दिलं. गॉगल लावला, नळी तोंडात धरली आणि पालथी होऊन निघून गेली. मी तिला पोहताना पहिल्यांदा बघत होतो. घरात तिला इतकं सरळ, काही न उचलता जाताना मी कधी बघितलं नव्हतं.

मी गमबूट घालून पाण्यात उतरलो होतो. गमबुटांत वरून समुद्र भरला आणि माझे पाय जागेवर बसले. डबा पाठीला होता, पण गुडघाभर पाण्यात त्याला काही काम नव्हतं. हातात प्रस्थानाची रिकामी पिशवी होती. तिचा टॉवेल त्यातच आणला होता आणि तो ती काठावर ठेवून गेली होती.

माझ्यापासून थोड्या अंतरावर ती पाण्यात उभी राहिली. गॉगल कपाळावर सरकवला. बाहीच्या दुमडीतून, शिवणीतून काहीतरी सुटून पाण्यावर येत होतं, आणि तिच्या हाताभोवती बोटाएवढे पट्ट्यापट्ट्यांचे मासे जमले होते. ती हात न हलवता त्यांच्याकडं बघत होती.

मी विचारलं, काय खातायत.

"आत्यांच्या अक्षता," ती म्हणाली, आणि गॉगल खाली ओढून पुन्हा आत गेली.

मला तिच्या दिशेनं एक पाऊल टाकायचं होतं. गमबूट उचलवत नव्हते. मुलगा येईपर्यंत मी तिथंच उभा राहिलो.